‘ताण’ची दोन तिकिटं

नागपुरातल्या एका जुन्या एकपडदा थिएटरच्या बुकिंग खिडकीत मी सतरा वर्षं बसतेय. जाळीतून समोरच्याचा चेहरा पुरता दिसत नाही. हात दिसतो आणि आवाज ऐकू येतो. त्यामुळे सिनेमाचं नाव लोकांच्या तोंडात बसलंय की नाही, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. लांबलचक हिंदी नाव शुक्रवारच्या मॅटिनीपर्यंत दोन शब्दांवर येतं. काही नावं मात्र कुणी उच्चारतच नाही. ‘ते नवीन लागलं ना, ते द्या’ असं दोन-चार जण म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण सोमवारपासून खुर्च्या रिकाम्या राहणार हे मला ठाऊक असतं.

नाव कळलंच पाहिजे असंही नाही. 2014 साली ‘फँड्री’ आला तेव्हा तो शब्द कुणालाच माहीत नव्हता. कैकाडी भाषेत डुक्कर, हे लोकांना मागाहून कळलं. पण म्हणायला सोपा, कानाला नवा, आणि पोस्टरवरच्या पोराकडे बघून अर्थ विचारावासा वाटणारा. न कळणं आणि चुकीचं कळणं यांत फार फरक आहे. तो मला नंतरच्या एका मार्चमधल्या शुक्रवारी नीट दिसला.

संत्र्याच्या बागायतदारावरचा एक छोटा मराठी सिनेमा आमच्याकडे लागला होता. नाव ‘ताण’. नट ओळखीचे नाहीत, दिग्दर्शक नवखा. पोस्टर काळं, त्यावर कपाळाला हात लावलेला एक माणूस, खाली मोठ्या अक्षरांत नाव. संत्र्याचं एक पानसुद्धा नाही. सिनेमाच्या धंद्यात विदर्भ सीपी-बेरार सर्किटात, म्हणजे वितरणाच्या वेगळ्या विभागात मोडतो, पण मराठी सिनेमाची पोस्टरं बहुतेक तिकडे मुंबई-पुण्यातच ठरतात. तिथं बसून कुणाला तरी हे पोस्टर शोभून दिसलं असणार.

सकाळच्या शोला नऊ तिकिटं गेली.

मॅटिनीच्या आधी एक जोडपं पोस्टरपाशी उभं राहिलं. बाईंनी नाव वाचलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “घरी काय कमी ताण आहे का, की पैसे देऊन अजून घ्यायचा?” गेले दोघं. मला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असं म्हणवेना. दिवसभर राबलेल्या माणसाला त्या शब्दाखाली दुसरं काय दिसणार?

थोड्या वेळाने एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी आली. मुलगी गाणं शिकते, असं आईनं कौतुकानं सांगितलं, आणि विचारलं, “यात शास्त्रीय गाणं किती आहे हो?” मी चक्रावले. मुलीनं मोबाईल जाळीला लावून दाखवला. तिकिटांच्या अॅपवर नाव इंग्रजी अक्षरांत होतं, आणि इंग्रजीत न आणि ण एकच. त्यांनी वाचलं होतं ‘तान’. मी खरं काय ते सांगितलं. त्या तिकीट न घेता परतल्या. तीन अक्षरंसुद्धा नसलेलं नाव, आणि एका दुपारी दोन जागी अडखळलं.

तीनच्या सुमारास खिडकीत एक हात आला. नखांच्या कडा पिवळसर, बोटांत चुरगळलेली कळमना बाजारातली विक्रीची पट्टी. मागून आवाज, “हा कोनता तान व्हय ताई? डोक्याचा का बागेचा?”

मी म्हटलं, “काका, बागेचा म्हणजे?”

तो माणूस काटोलकडचा. मृग बहाराची संत्री कळमन्यात विकून झाली होती आणि गावची गाडी संध्याकाळची होती. खिडकीवर गर्दी नव्हतीच, म्हणून त्यानं मला सावकाश सांगितलं. “आता एप्रिल-मेत पानी तोडतो आमी. झाड तहानलं पाह्यजे. पानं कोमेजतात, पिवळी पडतात, गळतात. पाहनाऱ्याले वाटते, झाड मेलं. मंग मिरगाचा पानी पडला का पंधरा-वीस दिवसांत फूल. पानी देतच राह्यलं तं नुसता पाला फुटते. आन तान जास्त झाला तं फांद्या वायतात. माहा बाप रोज संध्याकायी झाडापाशी जाऊन उभा राहे, कवा पानी सोडाव ते पाहाले.”

जन्म नागपुरात गेला, दर वर्षी संत्री खाल्ली, आणि हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “बागेचाच असावा. बघून सांगा.” त्यानं एक तिकीट घेतलं.

शेवटचा अर्धा तास मीही मागे उभी राहून पाहिला. सिनेमातला बाप मुलाशी तसाच वागतो, पाणी तोडून. केव्हा सोडायचं हे त्याला कळत नाही. नावात दोन्ही ताण होते, आणि इतकं नेमकं नाव मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. पण बाहेर पोस्टरवर त्यातला एकच होता, लोकांना नको असलेला. बाहेर पडताना काका फक्त म्हणाले, “बागेचाच व्हय.” डोळे लाल होते.

मी मॅनेजरसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, नावाला हात लावता येत नाही. सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवर जे आहे तेच राहणार, बदलायचं तर निर्मात्याला पुन्हा बोर्डाकडे जावं लागतं. मी म्हटलं, नाव तेच राहू द्या, खाली एक ओळ लिहू. त्यांनी वितरकाला फोन लावला. तिकडून होकार आला. बहुधा नऊ तिकिटांचा आकडा ऐकूनच आला असावा.

शोच्या वेळा लिहायच्या काळ्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं: ‘ताण. संत्र्याच्या बागेला देतात तो.’ फळा पोस्टरला टेकवून फुटपाथकडे तोंड करून ठेवला. संध्याकाळी लोक थांबून वाचायला लागले. एक पोरगा मित्राला म्हणाला, “अबे, आमच्या नरखेडले असंच करतात.” दोघं आत गेले. कुणी तरी विचारलं, बागेला ताण कशाला देतात? मी म्हटलं, आत जाऊन बघा. दुपारी ऐकलेलं सगळं मला सांगता आलं असतं, पण मुद्दाम सांगितलं नाही.

रात्री डीसीआर, म्हणजे रोजच्या तिकीटविक्रीचा हिशेब, भरताना संध्याकाळच्या शोपुढे एक्केचाळीस लिहिले. आमच्या हॉलसाठी हा आकडा काहीच नाही. सिनेमा पुढच्या गुरुवारी उतरलाही. पहिल्या दिवसाआधी ती ओळ पोस्टरवर असती तर दुसरा आठवडा मिळाला असता, असं मला आजही वाटतं, आणि त्या नवख्या दिग्दर्शकासाठी वाईट वाटतं.

सिनेमा उतरायच्या आधी, रविवारी दुपारी खिडकीत तोच हात आला, या वेळी नखं स्वच्छ. शेजारी काठीवर टेकलेला दुसरा हात, सुरकुतलेला.

“ताई, तान हाये ना अजून? दोन द्या. बुढ्याले आनलं.”