जुन्या इंजिनला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधताना आधी इंजिनची मागची बाजू बघा

जुन्या गाडीत ऑटोमॅटिक टाकायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास एकच असतो, कुठला गिअरबॉक्स जास्त दणकट, किती हॉर्सपॉवर झेलेल. मला विचाराल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी इंजिनच्या मागच्या तोंडाला काय बसतं ते बघायचं, मग डिफरेन्शियलचा (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरचा) रेशो बघायचा, आणि एवढं झालं की यादीत फार तर दोन-तीन नावं उरतात.

बोल्ट पॅटर्नपासून, म्हणजे इंजिनच्या मागच्या तोंडावरच्या बोल्टांच्या मांडणीपासून सुरू करूया. जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) गाड्यांत शेव्हरले व्ही८ चा पॅटर्न वेगळा आणि ब्यूक, ओल्ड्समोबील, पॉन्टियाक यांचा वेगळा. म्हणजे कंपनी एकच, गिअरबॉक्सचं नावही तेच टीएच३५०, तरी पॉन्टियाकवाला शेव्हीच्या इंजिनला थेट लागणार नाही, कारण त्याची बेलहाउसिंग (इंजिनला जोडला जाणारा पुढचा घंटेसारखा भाग) केसिंगबरोबरच ओतलेली असते, सोडवून बदलता येत नाही. फोर्डच्या सी४ गिअरबॉक्सची बेलहाउसिंग सुटी असते म्हणून तिथे जरा मोकळीक मिळते, पण स्मॉल ब्लॉक (लहान आकाराच्या व्ही८) फोर्डला सुरुवातीला पाच बोल्टचा पॅटर्न होता आणि १९६५ च्या मॉडेलपासून सहा बोल्टचा आला, तेव्हा ब्लॉक कुठल्या सालचा आहे ते बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. क्रायस्लरचंही तसंच, ३१८ किंवा ३४० इंजिनाचा टॉर्कफ्लाइट ७२७ गिअरबॉक्स हा ३८३ किंवा ४४० इंजिनाला बसत नाही.

मग फ्लेक्सप्लेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरची दातेरी चकती. स्मॉल ब्लॉक शेव्हीत १५३ दात आणि १६८ दात असे दोन प्रकार, स्टार्टर त्याप्रमाणे लागतो. त्यात १९८६ पासून मागचं ऑइल सील एकसंध झालं, क्रँकचा फ्लँज बदलला आणि बॅलन्सिंगचं थोडं वजन फ्लेक्सप्लेटवर गेलं. फोर्ड ३०२ मध्ये जुना क्रँक २८ औंस बॅलन्सवाला, १९८० च्या दशकातला ५० औंसवाला. यात अदलाबदल झाली तर इंजिन सुरू होतं, चालतंही, पण जी थरथर सुटते ती बेअरिंग खाऊन टाकते. आणि इंजिन आधी मॅन्युअलला लावलेलं असेल तर क्रँकच्या टोकातला पायलट बुश (मॅन्युअलच्या शाफ्टला आधार देणारा) काढायला विसरू नका, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) नीट बसतच नाही.

आता रेशो, माझा सगळ्यात आवडता भाग, आणि इथे कागद-पेन घेऊन बसाच. टीएच३५० चा पहिला गिअर २.५२, मागे ३.७३ चा डिफरेन्शियल असेल तर गुणाकार ९.४०. जीएमच्याच ७००आर४ गिअरबॉक्सचा पहिला ३.०६, त्याच्यामागे ३.०८ टाकला तरी गुणाकार ९.४२, म्हणजे सिग्नलवरून उठताना दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच वाटतील. फरक हायवेला पडतो. २६ इंची टायर, ताशी १०० किमी, टीएच३५० आणि ३.७३ असेल तर इंजिन साधारण ३००० आरपीएमवर ओरडत असतं, आणि ७००आर४ चा ०.७० ओव्हरड्राइव्ह (इंजिन हळू फिरवणारा सगळ्यात वरचा गिअर) ३.०८ बरोबर असेल तर १७०० च्या आसपास. ऐकायला छान वाटतं, पण मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट) असलेलं इंजिन १७०० ला खूश नसतं, धडधडतं, गुदमरतं, थोडा चढ आला की लगेच खालच्या गिअरला पडतं. म्हणून ओव्हरड्राइव्ह टाकताना मागचा ३.७३ तसाच ठेवा, मग २१०० मिळतात, आणि साध्या व्ही८ ला ते मानवतं.

तरी ७००आर४ मधली एक गोष्ट मला खटकते, पहिला ३.०६ आणि दुसरा एकदम १.६३. ४००० ला शिफ्ट झाला की इंजिन २१०० वर येऊन आदळतं. जीएमच्याच दुसऱ्या ओव्हरड्राइव्ह बॉक्समध्ये, २००-४आर मध्ये, २.७४ नंतर १.५७, तिथे ही उडी लहान आहे, ओव्हरड्राइव्ह ०.६७. शिवाय बऱ्याच २००-४आर ची बेलहाउसिंग शेव्ही आणि ब्यूक-ओल्ड्स-पॉन्टियाक दोन्ही पॅटर्नची, लांबी छोट्या टेलच्या टीएच३५० एवढीच, योकचे (प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या तोंडाचे) २७ स्प्लाइन म्हणजे खाचाही त्याच, म्हणजे बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्ट तोच चालतो, फक्त गिअरबॉक्सला खालून धरणारा क्रॉसमेंबर मागे सरकवायचा. ७००आर४ मात्र सुमारे तीन इंच लांब, शाफ्ट कापावाच लागतो. शांत इंजिनाच्या क्लासिक गाडीला मी तरी २००-४आर च सुचवेन. खूप टॉर्क असेल तर टीएच४००, पण तो जड आहे, स्वतः फिरायलाही ताकद खातो आणि योक ३२ स्प्लाइनचा लागतो, लहान इंजिनावर तो लादू नका.

आता जे वाचाल ते कृपया दोनदा वाचा. ७००आर४ आणि २००-४आर ला कार्ब्युरेटरपासून येणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल असते, ती जोरात पाय दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी किकडाउन केबल नाही, ती आतलं तेलाचं प्रेशर ठरवते. केबल ढिली राहिली किंवा कार्बच्या हाताची भूमिती चुकली की प्रेशर कमी पडतं, क्लच घसरतात आणि नवा कोरा गिअरबॉक्स थोड्याच अंतरात जळू शकतो. कार्ब बदलला असेल तर त्याला साजेसा ब्रॅकेट आणि ही भूमिती सुधारणारा करेक्टर घ्याच, आणि फुल थ्रॉटलला केबल पूर्ण ताणली जाते का ते इंजिन बंद ठेवून बघा. टीएच३५०, टीएच४०० मध्ये हे काम इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा व्हॅक्यूम मॉड्युलेटर करतो. तिथे मोठ्या कॅममुळे व्हॅक्यूम कमी मिळाला तर गिअरबॉक्सला वाटतं लोड जास्त आहे, आणि शिफ्ट उशिरा नि झटक्याने पडतात. अॅडजस्टेबल मॉड्युलेटर मिळतो.

कन्व्हर्टरचा स्टॉल (ज्या आरपीएमला तो नीट पकड घेतो तो) कॅमकडे बघून निवडा, डोळे झाकून मोठा घेतला तर नुसती उष्णता वाढते. बसवताना तो पंपात पूर्ण आत गेला पाहिजे, बेलहाउसिंग इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत साधारण ३ ते ५ मिमी फट राहिली पाहिजे. फट नसेल तर बोल्टने ओढून घेऊ नका, पंप फुटतो.

तेलाचा कूलर आधी ठरवा, रेडिएटरमधला पुरत नसेल तर वेगळा लावा. आणि लेव्हल बघायची ती तेल गरम, इंजिन आयडलवर असताना, जीएमच्या बॉक्सला पार्कमध्ये. जुन्या टॉर्कफ्लाइटला मात्र न्यूट्रलमध्ये बघा, कारण त्याचा पंप पार्कमध्ये कन्व्हर्टरला तेल पाठवत नाही.