वडापाव, पोहे, सुशीला, धपाटे: शंभर कॅलरीमागे पोटात काय पडतं?

वडापाव म्हणजे वाईट आणि पोहे म्हणजे चांगले, असं आपण धरूनच चालतो. लातूरच्या क्लासेसच्या भागात सकाळी गाड्यांवर मिळतात तशा पोह्यांचा, म्हणजे सढळ तेल आणि वर मूठभर शेव, हिशेब मांडला तर ते वडापावच्याही मागे पडतात. नुसत्या कॅलरी मोजल्या की हे लक्षात येत नाही. भुकेच्या वेळी ४०० कॅलरी लागणारच, त्यात गैर काही नाही. त्या ४०० कॅलरींसोबत प्रथिनं किती आली, चोथा (फायबर) किती आला आणि तेल कुठलं आलं, हे बघायचं.

मोजपट्टी सोपी आहे. आपल्यासारख्या भाकरी-भातावर जगणाऱ्यांनी दर किलो वजनामागे रोज साधारण १ ग्रॅम प्रथिनं धरावीत. ६५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २१०० च्या आसपास कॅलरी लागतात. म्हणजे दर १०० कॅलरीमागे ३ ग्रॅम प्रथिनं आली तर तो पदार्थ आपला वाटा उचलतो. त्याखालच्या पदार्थाची भरपाई दुसऱ्या जेवणात करावी लागते. खालचे आकडे कच्च्या मालाच्या वजनावरून काढलेले आहेत. गाडीगणिक माप बदलतं, तेव्हा १०-१५ टक्के इकडेतिकडे होणारच.

एक वडापाव घ्या. पाव ४५ ग्रॅम, आत ६० ग्रॅम बटाटा, वरच्या आवरणात १५ ग्रॅम बेसन, तळताना शिरलेलं ८-९ ग्रॅम तेल आणि थोडी सुकी चटणी. बेरीज ३२० कॅलरी, प्रथिनं ८-९ ग्रॅम, शंभरामागे २.७. वाटतो तितका वाईट नाही, कारण बेसन त्याला सावरून धरतं. गडबड होते ती दुसऱ्या वडापावाने, आणि सोबत फुकट मिळणाऱ्या बेसनाच्या चुऱ्याने, जो जवळजवळ निम्मा तेलच असतो.

आता गाडीवरचे पोहे. कोरडे पोहे ६० ग्रॅम, तेल १२ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम, वर १५ ग्रॅम शेव. कॅलरी ४५० च्या वर, प्रथिनं जेमतेम ९, म्हणजे शंभरामागे २. उपवासाच्या साबुदाणा खिचडीचं तर बोलायलाच नको. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य, जी काय येतात ती शेंगदाण्याच्या कुटातून. शंभरामागे १.३ पडतात.

मराठवाड्याच्या घराघरातली सुशीला, म्हणजे भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, यात कुठे बसते? नेहमीच्या मापाने, म्हणजे ५० ग्रॅम चुरमुरे, २० ग्रॅम शेंगदाणे, १५ ग्रॅम डाळव्याचं (भाजक्या हरभरा डाळीचं) पीठ आणि दोन छोटे चमचे तेल, ती ४४० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांपर्यंत जाते. शंभरामागे २.७, वडापावइतकीच. अनेकांना हे पटणार नाही. चुरमुरे हातात हलके लागतात, पण ते शेवटी फुलवलेला तांदूळच. सुधारायची असेल तर तेल एका चमच्यावर आणा, शेंगदाणे १५ ग्रॅम ठेवा आणि डाळवं २० ग्रॅम करा. मग ती ३ च्या वर सरकते. मिठाचं मात्र सांभाळा. बाजारचे चुरमुरे बहुधा आधीच खारे असतात. भिजवून पिळले की थोडं मीठ निघून जातं, सगळं नाही. फोडणीत मीठ घालण्याआधी एक चिमूट तोंडात टाकून बघा.

मिसळीत फरक सगळ्यात मोठा पडतो, आणि तोही एकही नवा जिन्नस न आणता. हॉटेलातली प्लेट: ४० ग्रॅम मटकीची उसळ (कोरड्या मटकीचं वजन), ४० ग्रॅम फरसाण, तर्रीचं १५-१७ ग्रॅम तेल, दोन पाव. बेरीज ७४० कॅलरी, प्रथिनं २१-२२. त्यात फरसाणाच्या २२० आणि तर्रीच्या १५० कॅलरी आहेत, म्हणजे निम्मी प्लेट फरसाण आणि तेलच. आता मटकी दुप्पट घ्या, फरसाण १५ ग्रॅमवर आणा, तर्री एक चमचा आणि पाव एक. कॅलरी ५१० आणि प्रथिनं २४. शंभरामागे २.९ होती ती ४.७ झाली. पोट भरतं ते मटकीच्या चोथ्याने, त्यामुळे दुसऱ्या पावाची आठवण होत नाही. हॉटेलात "तर्री वेगळी द्या, फरसाण वेगळं द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी देतात. उसळीचे मात्र जादा पैसे मोजावे लागतात, ते मोजावेत.

गाडीवरची अंडाबुर्जी या हिशेबात बरी निघते. दोन अंडी, १० ग्रॅम तेल, दोन पाव मिळून ४७० कॅलरी आणि जवळपास २० ग्रॅम प्रथिनं.

बाहेर न्यायच्या डब्यासाठी माझं मत धपाट्यांना. ज्वारीचं पीठ ६० ग्रॅम, बेसन २५, कणीक १५, एक चमचा तीळ, लसूण, तिखट, ओवा, भरपूर मेथी किंवा कोथिंबीर, तव्यावर दोन चमचे तेल आणि सोबत वाटीभर दही. ५०० कॅलरी, १७ ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅमच्या वर चोथा. पीठ शिळं असलं की गाडं अडतं. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की धपाटं थापताना फाटतं. मग कणीक वाढवली जाते, तेल वाढवलं जातं, आणि ज्वारी नावापुरती उरते. थोडंथोडं दळून आणा, पीठ गरम पाण्यात मळा, ओल्या फडक्यावर थापा. मध्ये बोटाने भोकं पाडली की आतपर्यंत शेकतं आणि तेल कमी लागतं.

तळणीकडे जरा नीट बघू, कारण वडा असो की भजे, घोळ तिथेच होतो. तेल १७० ते १८० अंशांवर असलं की पिठातल्या पाण्याची वाफ जोरात बाहेर पडत राहते आणि तेलाला आत शिरायला वाव कमी मिळतो. कढईत एकदम दहा-बारा भजे सोडले की तेल गार पडतं, कवच उशिरा धरतं आणि भजे तेलकट होतात. सोडा जास्त झाला तरी तेच, कारण जाळी पडते आणि जाळीत तेल बसतं. थर्मामीटर नसला तर पिठाचा थेंब टाकून बघा. तो तळाला जाऊन लगेच वर आला पाहिजे. आणखी एक गोष्ट फार कमी लोक पाळतात. बरंचसं तेल आत जातं ते तळण बाहेर काढल्यावर. गार होताना आतली वाफ आटते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवरच झटकून १०-१५ सेकंद धरायचा आणि भजे लगेच कागदावर पसरायचे, ढीग करायचा नाही.

किती तेल शिरलं ते घरीच मोजता येतं. तळणीआधी गार तेल वजनकाट्यावर मोजा, तळून गार झालं की पुन्हा मोजा. फरकाला ९ ने गुणलं की कॅलरी. वड्यांच्या संख्येने भागलं की एका वड्याचा हिशेब हातात येतो.

आपल्याकडचं करडईचं तेल फोडणीला उत्तम, पण तेच तेल पुन्हापुन्हा तळणीला वापरू नये. करडई आणि सोयाबीन दोन्ही तेलं वारंवार तापवल्यावर लवकर खराब होतात, शेंगदाण्याचं जास्त टिकतं. तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गाडीवर ते मोजायला यंत्र नसतं, पण डोळ्यांना दिसतं: तेल काळपट आणि चिकट, वर न मोडणारा फेस, मंद आचेवरही धूर. असं तेल दिसलं तर त्या गाडीवर चहा घ्या आणि निघा.

संभाजीनगरच्या मॉलमधल्या बर्गरबद्दल थोडक्यात. बर्गरपेक्षा सोबतचं जड पडतं. १०० ग्रॅम फ्राइजच्या ३०० कॅलरी आणि प्रथिनं साडेतीन ग्रॅमसुद्धा नाहीत. मोठा चमचाभर मेयोनेजच्या ९०. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये ३०-३२ ग्रॅम साखर, प्रथिनं शून्य. कॉम्बो न घेता नुसता बर्गर आणि पाणी घेतलं तर ४०० च्या वर कॅलरी तिथेच वाचतात. ब्राउन बन किंवा मल्टिग्रेनसाठी जादा पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही. बहुतेक वेळा त्यात मैदा असतोच, रंग तेवढा बदलतो.

कोल्ड्रिंकऐवजी ग्लासभर ताक घेतलंत तर ३५-४० कॅलरीत काम भागतं. दिवसभराच्या मिठाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे छोटा चमचाभर आहे. मिसळ किंवा वडापाव खाल्ला असेल तर त्यातला बराच वाटा आधीच पोटात गेलेला असतो, तेव्हा ताक अळणीच मागा आणि वर जिरेपूड टाकायला सांगा.