दिवा कुठला घेऊ?

घरात झाडं वाढवायला कुठला दिवा घ्यावा हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. मी ऑन्टारिओत इलेक्ट्रिशियन आहे. मराठी मंडळींत कुणाला कढीपत्त्यासाठी दिवा हवा असेल तर ते चारचौघांत मोठ्यानं विचारतात. गांजासाठी हवा असेल तर जेवणं झाल्यावर बाजूला घेऊन, हळू आवाजात. खरं तर इथे हळू बोलायचं काही कारण नाही. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात गांजाची चार झाडं लावायची मुभा आहे. चार म्हणजे घरटी, माणशी नव्हे; नवराबायकोची मिळून आठ होत नाहीत. क्युबेकनं मात्र घरी लावायला बंदी घातली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. भारतात तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय एक कुंडी लावणंसुद्धा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा. तेव्हा पुण्याहून फोन करणाऱ्या भाच्यांनी हे सगळं कढीपत्त्यापुरतंच वाचावं.

आता दिवा. खोक्यावर ठळक छापलेला '१०००' हा आकडा आधी विसरा. त्याखाली बारीक अक्षरांत प्रत्यक्ष वीजवापर दिलेला असतो, तो बहुतेकदा १००-१२० वॉट निघतो. हजार वॉटच्या जुन्या दिव्याची बरोबरी करतो म्हणे! बरोबरी कशी मोजली ते मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

आणि वॉट खरे असले तरी ते फक्त वीज किती खाल्ली तेवढंच सांगतात. लुमेनही इथे कामाचे नाहीत, ते माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं मोजतात. झाडाच्या दृष्टीनं महत्त्वाचं काय, तर ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण दर सेकंदाला पानांवर किती पडतात. ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. म्हणून विकत घेताना एकच आकडा शोधा: मायक्रोमोल प्रति ज्यूल, म्हणजे एक ज्यूल वीज खाऊन दिवा किती प्रकाशकण देतो. चांगला एलईडी आज अडीच ते तीन देतो. जुने सोडियमचे दिवे पावणेदोनच्या आसपास, आणि स्वस्तातले जांभळे एलईडी बऱ्याचदा त्याहूनही कमी. हा आकडा दिलेलाच नसेल तर दिवा परत ठेवा. ज्याच्याकडे सांगण्यासारखा आकडा आहे, तो सांगितल्याशिवाय राहत नाही.

हिशेब सोपा आहे. चार झाडांना तीन बाय तीन फुटांचा टेंट (घरात झाडं वाढवायचा बंद कापडी तंबू) पुरतो, फक्त ती वेळच्या वेळी छाटून आटोक्यात ठेवायची. २४० वॉटचा दिवा, म्हणजे सेकंदाला २४० ज्यूल, अडीचनं गुणा, सेकंदाला ६०० मायक्रोमोल झाले. टेंटचं क्षेत्रफळ ०.८४ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला साधारण ७१५. थोडा प्रकाश भिंती खातात, तरी ६०० हाती लागतात. रोपांना २००-३०० पुरे, वाढीच्या काळात ४०० ते ६००, फुलोऱ्यात ६०० ते ९००. म्हणून डिमर असलेलाच दिवा घ्या, एकाच दिव्यात सगळं भागतं. कढीपत्ता आणि तुळस ३०० वर चौदा तास ठेवलीत तरी हिवाळा काढतात.

'जास्त दिवा लावला तर माल कडक होतो ना?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही होत. आमच्या इथल्याच ग्वेल्फ विद्यापीठानं २०२१ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकाश थेट १८०० मायक्रोमोलपर्यंत वाढवला तसं उत्पन्न वाढत गेलं, पण फुलांमधलं टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचं, प्रमाण काही बदललं नाही. आता उत्पन्न वाढतं म्हणून घरी १८०० च्या मागे लागायचं का? माझं मत, मुळीच नाही. तेवढा दिवा म्हणजे तेवढी उष्णता, ती बाहेर काढायला तेवढा मोठा पंखा, आणि शेवटी चार झाडांचा माल एका घराला संपवायचाय किती!

रंगाबद्दल थोडक्यात. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून आधी फक्त त्याच दोन रंगांचे जांभळे दिवे निघाले. पण पान हिरवा प्रकाशही वापरतं हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे, आणि तो पानांच्या थरांत खोलवर पोचतो. पांढरा एलईडी आणि जोडीला ६६० नॅनोमीटरचा लाल, एवढं पुरे. जांभळ्या उजेडावर माझा वेगळाच राग आहे. त्यात पान काळपट दिसतं. पिवळं पडायला लागलंय, भुरी धरलीय, खालच्या बाजूला कोळी लागलाय, यातलं काही म्हणजे काही कळत नाही.

एकच जाड पाटी मधोमध लटकवण्यापेक्षा चार-सहा पट्ट्यांचा दिवा बरा, कोपऱ्यातलं झाड उपाशी राहत नाही. तपासायचं तर फोनवरच्या लक्समीटरचा (उजेड मोजणाऱ्या अॅपचा) आकडा ६५-७० नं भागा, मायक्रोमोल मिळतात. पांढऱ्या एलईडीला अंदाजापुरतं चालतं. मधला आणि कोपऱ्यातला आकडा ताडून पाहा. फरक दुपटीचा निघाला तर दिवा थोडा वर घ्या.

विजेचं म्हणाल तर ऑन्टारिओत वेळेनुसार दर घेतला असेल तर कामाच्या दिवशी संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत वीज स्वस्त. गांजाला फुलोऱ्यात बरोबर बारा तास उजेड आणि बारा तास अंधार लागतो. टेंटमध्ये संध्याकाळी सातला दिवस उगवू द्या. २४० वॉट गुणिले बारा तास, महिन्याला सुमारे ८६ युनिट. थंडीत तेवढीच ऊब बेसमेंटला फुकट. दिवसा मात्र टेंटची चेन उघडून डोकावायचं नाही, आणि पॉवर बारचा (एक्स्टेंशन बोर्डचा) तो छोटा लाल दिवासुद्धा काळ्या टेपनं झाका. अंधार मोडला की फुलोरा बिघडतो.

राहिलं माझ्या धंद्याचं. दिव्यावर सीएसए किंवा कॅनडासाठीचं यूएल वा ईटीएल यांपैकी एखादं सुरक्षा तपासणीचं चिन्ह असल्याशिवाय तो घरात लावू नका, कितीही स्वस्त असला तरी. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, सुटा होत असेल तर टेंटबाहेर टांगा. पॉवर बार जमिनीवर कधीच नको, तिथे कुंडीचं पाणी येतंच. तो भिंतीवर, कुंड्यांच्या बराच वर ठोका आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली वीतभर झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाशीच ठिबकतं, प्लगमध्ये शिरत नाही.