पाण्याखाली उतरण्याआधी

पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या आम्हां कोल्हापूरकरांना बुडी मारताना श्वास रोखून धरण्याची सवय असते. मालवणला स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहणे, शिकताना मात्र तीच सवय आधी मोडावी लागते, कारण १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि तिथे घेतलेला श्वास रोखून वर आल्यास प्रसरण पावणारी हवा फुप्फुसांना इजा करू शकते. सर्दी असेल, तर पाण्यात उतरू नये. परतीच्या वाटेचा विचार फार थोडे जण करतात, याची मला काळजी वाटते: फोंडा घाट चढताना हवेचा दाब घटतो आणि पाण्याखालच्या दाबामुळे श्वासाच्या हवेतून शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो, म्हणून मी मालवणात रात्रभर मुक्काम करूनच निघतो.