एसटीपी होतायत ते चांगलंच, पण नदीतल्या विषाचं काय?

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी नव्या एसटीपीचा (म्हणजे मैलापाणी शुद्ध करायच्या प्लांटचा) फोटो टाकला आणि खाली लिहिलं, चला, आता आपली मुळा-मुठा स्वच्छ होणार. त्यावर पन्नास अंगठे आले. मलाही आनंद झालाच, कारण इतकी वर्षं आपण सगळे तेच मागत होतो, पण 'स्वच्छ होणार' या शब्दांवर मी अडले आणि ग्रुपवर दोन ओळींत सांगता येईना म्हणून इथे लिहितेय, मोठं होईल, वाचा जमेल तसं.

आधी पैशाचं बघू. जपानच्या जायकाबरोबर (परदेशी प्रकल्पांना कर्ज देणारी तिथली सरकारी संस्था) जानेवारी 2016 मध्ये करार झाला, तेव्हाचा आकडा 990 कोटी 26 लाख, त्यातले 85 टक्के केंद्राकडून अनुदान म्हणून येणार (केंद्राने ते जायकाकडून कर्जाऊ घेतले) आणि उरलेले 15 टक्के पुणे महापालिकेचे. अकरा नवे एसटीपी, एकूण क्षमता 396 एमएलडी, म्हणजे रोज 39 कोटी 60 लाख लिटर मैलापाणी. बाणेर, वारजे, वडगाव, मुंढवा, खराडी, धानोरी, भैरोबा नाला, नायडू, तानाजीवाडी, बोटॅनिकल गार्डन, मत्स्यबीज केंद्र अशा जागा. हे सगळं जानेवारी 2022 पर्यंत पूर्ण व्हायचं होतं आणि झालं काय तर त्याच वर्षी मार्चमध्ये भूमिपूजन झालं, तोपर्यंत खर्चही हजार कोटींच्या बराच वर गेलेला. त्याच दिवशी नदीकाठ सुधार प्रकल्पाचंही भूमिपूजन झालं, 44 किलोमीटर आणि जवळपास 4,700 कोटी. नदी साफ करायच्या पैशाच्या तिपटीहून जास्त पैसा काठ सजवायला, हे मला आजही पटत नाही, पण आज विषय तो नाही.

आज विषय हा की एसटीपी नेमकं काय साफ करतो. मी इंजिनियर नाही, पण रविवारी नदीवर जाणाऱ्या लोकांत बसून बसून, दोन-तीन प्लांट आतून बघून जे कळलं ते सांगते. एसटीपीत येतं ते घरातलं मैलापाणी. आधी जाळीवर कचरा अडवतात, मग वाळू खाली बसवतात आणि मग मोठमोठ्या टाक्यांत हवा सोडून जिवाणू वाढवतात, ते जिवाणू पाण्यातली घाण खातात. घाण म्हणजे सेंद्रिय, विष्ठा, अन्नाचे कण, असलं. खरी जादू या जिवाणूंचीच आहे आणि ती जादू खरंच भारी आहे, काळं पाणी आत जातं आणि बाहेर येताना ग्लासात धरून बघण्यासारखं येतं. पण जिवाणू निकेल खात नाहीत. क्रोमियम, शिसं, कॅडमियम खात नाहीत. धातू एकतर पाण्याबरोबर पुढे जातात नाहीतर तळाच्या गाळात बसतात आणि तो गाळ खत म्हणून कोणाच्या शेतात पडला की तिथे पोचतात. औषधांचे अंश, पेस्टिसाईड, काही जंतुनाशकं, यातलं बरंच काही त्या टाक्यांमधून अर्धवट तुटून किंवा तसंच्या तसं पार होतं.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. एसटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी केंद्राची ऑक्टोबर 2017 ची अधिसूचना आहे, त्यात बघायच्या गोष्टी किती, तर चार. पीएच (आम्लता), बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन), पाण्यात तरंगणारे कण आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू. पुढे 2019 मध्ये हरित लवादाने निकष कडक करायला सांगितले, सीओडी (घाणीची ऑक्सिजनची गरज, पण रसायनाने मोजलेली) आणि नायट्रोजन-फॉस्फरस त्यात आले, पण धातू तिथेही नाहीत. म्हणजे अकराच्या अकरा प्लांट उत्तम चालले, रोजचा रिपोर्ट हिरवा आला, तरी त्या पाण्यात क्रोमियम आहे का हे त्या रिपोर्टमध्ये दिसणारच नाही, कारण कोणी विचारलेलंच नाही. देशातले प्रदूषित नदीपट्टे ठरवतात तेसुद्धा बीओडीवर, लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा प्रदूषित. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या यादीत असे 311 पट्टे होते आणि त्यातले 55 एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. ती यादी महत्त्वाची आहेच, पण ती आपल्याला नदी किती नासलीय ते सांगते, किती विषारी झालीय ते नाही. आणि सरकारी पैसा जे मोजलं जातं त्याच्याच मागे जातो.

'विषारी' हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. हे पाणी जातं कुठे बघा. मुंढव्याला जॅकवेल (नदीतलं पाणी उपसायची विहीर) आहे, तिथून शहराचं वापरलेलं पाणी उचलून कालव्यात सोडतात, साडेसहा टीएमसीची योजना आहे ती, पुढे हवेली-दौंडच्या शेतीला. थोडं खाली कोरेगाव मूळहून पुरंदर उपसा सिंचनाचं पाणी वर चढवतात. उरलेलं भीमेला मिळून उजनीत, आणि उजनीवर सोलापूर पाणी पितं, आषाढीला पंढरपूरच्या चंद्रभागेत पाणी येतं तेही बऱ्याचदा उजनीतून सोडलेलं. दौंडकडच्या एका नातेवाईक मामांच्या शेतावर गेले होते, ते म्हणाले, "अगं, पाणी आलं ह्याचाच आधी आनंद, दुष्काळात पीक जगलं. पण विहिरीचं पाणी आता आम्ही पीत नाही." मग त्या शेतातली मेथी-कोथिंबीर परत मार्केटयार्डात आणि आपल्या ताटात. मामांना मी काय सांगणार, की पाणी तपासून घ्या? जड धातूंची एका नमुन्याची तपासणी खासगी लॅबमध्ये करायची तर काही हजार जातात, तेही एकदा करून उपयोग नाही, पावसाळ्यात वेगळं येतं आणि एप्रिलमध्ये वेगळं.

बरं, हे धातू येतात कुठून. मोठ्या कंपन्यांवर निदान नजर असते, परवानग्या असतात, स्वतःचे ट्रीटमेंट प्लांट असतात. अवघड जागा म्हणजे छोटी शॉप्स. भोसरी-चिखली बाजूला ऑटोच्या पार्टना निकेल-क्रोमचं प्लेटिंग (धातूचा मुलामा) करणारी शॉप्स आहेत, एका शेडमध्ये चार-सहा टाक्या, पाच-सात कामगार. एका दादांनी मला आत नेऊन दाखवलं (नाव-पत्ता देत नाही, त्यांनी विश्वासाने दाखवलंय). पार्ट आधी तेल काढायच्या टाकीत, मग ॲसिडमध्ये, मग प्लेटिंगच्या टाकीत आणि मग साध्या पाण्यात धुवायचा. सगळा घोळ त्या धुण्यात. प्लेटिंगच्या टाकीतून पार्ट वर काढला की त्याला चिकटलेलं रसायन धुवणीत उतरतं आणि ती धुवण गटारात, गटार नाल्यात, नाला पवनेत नाहीतर इंद्रायणीत. आणि गटार मैलापाण्याच्या लाईनला जोडलेलं असेल तर ते एसटीपीत जाऊन तिथले जिवाणूच मारतं, म्हणजे दुहेरी नुकसान.

मी विचारलं, यावर उपाय? तर दादा लगेच म्हणाले, "उपाय आहे ना ताई. पार्ट टाकीवरच जरा जास्त वेळ निथळू द्यायचा. आणि धुवायला एका टाकीऐवजी तीन टाक्या ओळीने ठेवायच्या, ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडायचं, ते उलटं पहिलीकडे येतं, पहिलीतलं घट्ट झालं की परत प्लेटिंगला भरायचं. निकेल वाचतं, निकेल काय स्वस्त आहे का!" मग करत का नाही? जागा नाही, तीन टाक्यांचे पैसे एकरकमी नाहीत आणि कामाचा रेट पार्टमागे पैशात ठरतो, निथळायला थांबलं तर दिवसाचा माल कमी निघतो. घट्ट गाळ रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सेंटरला पाठवायचा तर एवढ्याशा मालासाठी गाडी परवडत नाही, म्हणून ड्रम साठत राहतात आणि मग एखाद्या पावसाच्या रात्री... पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याला माहिती आहे, करायचंय, आणि नदीच्या नावाने मंजूर होणाऱ्या हजारो कोटींमधला एक रुपया त्याच्या शेडपर्यंत येत नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच. पाईप आणि प्लांटला पैसा हवाच, पण विष नदीत मिसळल्यावर ते काढणं जवळपास अशक्य असतं, ते जिथे निघतं तिथेच धरावं लागतं, आणि ते धरायला लागणारा पैसा त्यामानाने किरकोळ आहे. वीस-पंचवीस शॉप्सना मिळून धुवणीच्या टाक्या, ड्रम उचलायला ठरलेल्या दिवशी फिरणारी एक सामायिक गाडी, आणि बदल्यात अचानक येऊन नमुना घ्यायची परवानगी. हे महापालिका करू शकते, एमआयडीसी करू शकते, ज्या ऑटो कंपन्यांचा माल तिथे प्लेट होतो त्या तर सहज करू शकतात. 2013 च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सीएसआरला, म्हणजे सामाजिक कामांना, काढावे लागतात आणि पर्यावरण त्यात बसतं. पण सीएसआरचा पैसा मागायला गेलं की रोपं लावा, कापडी पिशव्या वाटा, नदीकाठी प्लास्टिक वेचा, फोटो काढा. या कामांना मी नावं ठेवत नाही, मीही वेचलंय प्लास्टिक. पण लॅबच्या तपासणीचा फोटो येत नाही म्हणून तिला पैसा मिळत नाही, हे चुकीचं आहे.

घरचं पण बोलायला हवं. जीवितनदी ही पुण्यातली संस्था 2014 पासून हेच सांगतेय, नदीकाठ दत्तक घ्या आणि घरातली विषारी रसायनं कमी करा. विठ्ठलवाडीला, औंधला राम-मुळा संगमावर त्यांचे लोक वर्षानुवर्षं येतायत, शाळेतली पोरं येतात, आजीआजोबा येतात. त्यांच्यामुळेच मी पहिल्यांदा हा हिशोब मांडून पाहिला: माणशी दिवसाला पावडर, साबण, शाम्पू, भांड्यांचं लिक्विड, फरशीचं फिनेल सगळं मिळून नुसते 20 ग्रॅम धरा आणि शहर 40 लाखांचं धरा, रोजचे 80 टन होतात. यातला साबणाचा बराच भाग चांगल्या प्लांटमध्ये तुटतो हे खरं, पण फॉस्फेट सगळं निघत नाही, त्यावर ती जलपर्णी माजते, मग जलपर्णी काढायला दरवर्षी वेगळं टेंडर. ट्रायक्लोसान नावाचं जंतुनाशक अमेरिकेत 2016 मध्ये हात धुवायच्या साबणांतून काढायला लावलं, आपल्याकडे विकत घेताना मागचं बारीक अक्षर आपणच वाचायचं. आमच्या घरी भांड्यांना आता रिठ्याचं पाणी आणि लिंबाच्या सालींचं द्रावण आहे, कपड्यांना फॉस्फेट नसलेली पावडर. तेलकट कढईला थोडं जास्त घासावं लागतं, खोटं कशाला सांगू. सोसायटीतल्या सहा-सात घरांनी मिळून रिठा घाऊक आणला तर पावडरीपेक्षा स्वस्त पडला.

पण सगळं ओझं घरातल्या बाईच्या भांड्यांच्या लिक्विडवर टाकून मोकळं व्हायचं नाही हां. सुरुवात मोजण्यापासून व्हायला हवी. महापालिका दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल काढते, त्यात नदीचा बीओडी असतो, विरघळलेला ऑक्सिजन असतो. त्यात नदीच्या पाण्यातल्या आणि एसटीपीच्या गाळातल्या धातूंचं एक पान हवं, दर महिन्याचं, नाल्यागणिक, म्हणजे कुठल्या नाल्यातून काय येतंय ते कळेल आणि दादांसारख्यांच्या शेडपर्यंत टाक्यांचे पैसे कुठल्या बाजूने न्यायचे तेही कळेल. या मागणीचं पत्र आम्ही काही जण वॉर्ड ऑफिसला देतोय, मसुदा तयार आहे, सही करायची असेल किंवा तुमच्यात कोणी केमिस्ट्रीवालं असेल आणि नमुने कसे घ्यायचे ते शिकवायला तयार असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा. भोसरी-चाकणला प्लेटिंगमध्ये काम करणारं कोणी वाचत असेल तर तुम्ही तर नक्कीच लिहा, तीन टाक्यांच्या सेटअपला आज नक्की किती खर्च येतो तो आकडा मला पत्रात घालायचाय.