एका खरकट्या प्लेटपायी

रात्री जेवणं झाली की सिंकमध्ये भांड्यांचा ढीग पडलेला असतो आणि मी मोबाईल डब्याला टेकवून काहीतरी बघत उभी असते, तसाच परवा 'पिकॅडिली' लावला. १९२९ चा मूकपट, लंडनचा, दिग्दर्शक मात्र जर्मन, ड्युपाँ. यातली टायटल्स चक्क बसगाड्यांवर रंगवलीयेत, बस येते, नावं दाखवते आणि निघून जाते. मी तिथेच खूश.

तर झगमगीत नाइटक्लब, मालक व्हॅलेंटाइन, त्याची लाडकी डान्सर मेबल. नाच ऐन रंगात आलेला आणि एक गिऱ्हाईक प्लेटवरच्या डागावरून बोंबाबोंब सुरू करतं. हा चार्ल्स लॉटन, काम एवढंसंच पण काय तो थाट! मालक चौकशीला आत जातो आणि शोधत शोधत पोचतो भांडी घासायच्या मोरीत, तर तिथे शोशो नावाची चिनी पोरगी टेबलावर चढून सावकाश नाचतेय आणि बाकीच्या बायका हातातली भांडी विसरून बघतायत. स्टॉकिंगचा धागा निघून वरपर्यंत रेघ गेलेली, तीही दिसते. झालं. तो तिला कामावरून काढतो खरा, पण गडी गेलाय हे आपल्याला कळलेलं असतं, त्याला अजून कळायचंय एवढंच.

शोशो म्हणजे अ‍ॅना मे वाँग, मूळची लॉस एंजेलिसची. नावं देताना मान मेबल झालेल्या गिल्डा ग्रेचा, पण वाँग आल्यावर तिच्याकडे बघतंय कोण! नंतर तोच मालक शोशोला नाचायला बोलावतो, तेव्हा ही अडून बसते, ड्रेस मी सांगेन तोच, लाइमहाउसच्या, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या चिनी वस्तीच्या, दुकानातला, आणि तो आधी स्वतः नाही घालत, मित्राला, जिमला, घालून दाखवायला लावते. बिचाऱ्याचा चेहरा बघा तेव्हा. प्रेम, मत्सर, अपमान, सगळं त्या एका ड्रेसमध्ये कोंबलंय.

चुंबन मात्र नाही हं. ओठ जवळ येतात आणि कट. गोरा पुरुष आणि चिनी बाई, तेव्हा पडद्यावर चालणारच नव्हतं. पण त्याआधी एक पबचा सीन आहे, तिथे एक गोरी बाई काळ्या माणसाबरोबर नाचली म्हणून तिला बाहेर काढतात आणि शोशो आणि मालक गर्दीत उभे राहून ते बघतात. मला विचाराल तर अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात धाडसी सीन तोच, चुंबन दाखवलं असतं तरी एवढं बोललं नसतं.

पुढे खून होतो, कोणाचा आणि कोणी केला ते सांगत नाही.

पिक्चर संपेपर्यंत आमटीचं पातेलं पार वाळून गेलेलं. नवरा पाणी प्यायला आला, म्हणाला, अजून भांडी तशीच? म्हटलं, थांब रे, ओट्यावर चढायचा विचार चाललाय.