तिसऱ्या पाण्याचा गहू

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. निफाड तालुक्यात त्या दिवसांत गव्हाच्या पेरणीची घाई असते आणि नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरू लागलेले असतात. सकाळी साडेनऊच्या सुमारास अभयारण्यापासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका वस्तीवरून दवाखान्यात फोन आला. "डॉक्टर, कोंबड्या पटापट पडू राहिल्या. पाच गेल्या, बाकीच्या माना टाकून बसल्या."

फोन ठेवताना माझ्या मनात पहिला विचार आला तो बर्ड फ्लूचा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातील पहिला प्रादुर्भाव आमच्याच महसूल विभागातल्या नवापूरला झाला होता, आणि पाणथळ जागेजवळच्या वस्तीत कोंबड्या एकाएकी मरू लागल्या की तो संशय आधी फेडून घ्यावाच लागतो. मास्क, हातमोजे आणि जंतुनाशक घेऊन मी निघालो. खात्री होईपर्यंत एकही मेलेली कोंबडी फाडायची नाही, असे ठरवूनच फटफटीला किक मारली.

अंगणातले दृश्य मात्र त्या आजाराशी जुळत नव्हते. चोचीतून चिकट लाळेच्या तारा लोंबत होत्या, पंख जमिनीला टेकलेले होते, पायांतले बळ गेले होते आणि अंगाला बारीक कंप सुटला होता. तुऱ्यावर निळसर झाक नव्हती. पन्नास पावलांवरच्या शेजाऱ्यांच्या कोंबड्या निवांत उकिरडा उकरत होत्या. वस्तीवरची माणसे "मानमोडीच आली" असे म्हणत होती. पण मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका सकाळी दोन तासांत एकाच घराच्या कोंबड्या निवडून मारत नाही. मला खरी वाट दाखवली ती डालग्याखाली अंड्यांवर बसलेल्या एका खुडूक कोंबडीने. त्याच खुराड्यातली, त्याच भांड्यातले पाणी पिणारी ती एकटी ठणठणीत होती आणि माझ्या हातावर चोच मारत होती. ती सकाळी दाणे खायला उठली नव्हती.

"सकाळी काय टाकलं होतं?" असे मी विचारले. घरातला मुलगा गप्प राहिला. ओट्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "गहू टाकला. पेरून उरलेला. तीन पाण्यानं धुतला बाबा, तसाच नाही टाकला. पहिलं पाणी दुधावानी होतं, तिसऱ्याला निवळशंख आलं."

दुधासारखे पाणी म्हटल्यावर मी बाटली मागवली. गोठ्याच्या वळचणीला क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सापडले. वाळवीसाठी गव्हाच्या बियाण्याला ते चोळतात, आणि पाण्यात मिसळले की त्याचे पांढरे दुधट द्रावण होते. आजींना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. धान्य पायदळी जाऊ द्यायचे नाही, हे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते तिथे उरलेला गहू फेकवत नाही, आणि भाजीपासून तांदळापर्यंत सगळे धुऊन स्वच्छ होते हा आयुष्यभराचा अनुभव असतो. परंतु हे औषध मुळात पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. वरचा दुधट थर निघून जातो आणि दाण्याच्या सालीत मुरलेले तिथेच राहते. पाणी निवळशंख आले याचा अर्थ एवढाच, की आता विष डोळ्यांना दिसत नाही.

मग मी एक मेलेली कोंबडी घेऊन गळ्याखालची अन्नाची पिशवी उघडली. ती मूठभर फुगलेल्या गव्हाने टच्च भरली होती आणि रॉकेलमिश्रित उग्र दर्प मास्कमधूनही नाकात गेला. अशा विषबाधेत कुत्र्या-मांजरांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. पक्ष्यांच्या बुबुळाचे स्नायू वेगळ्या जातीचे असल्यामुळे त्या खुणेवर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून लाळ, कंप आणि तो वास यांवरच मी निर्णय घेतला. प्रत्येकीला वजनाच्या अंदाजाने या विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, टोचले, नळीने कोळशाची औषधी भुकटी पाण्यातून पाजली आणि सगळ्यांना सावलीत गोणपाटावर मांडले. ॲट्रोपिनने पहिल्यांदा लाळ आटते. पंधरा-वीस मिनिटांत एकेकीची चोच कोरडी पडू लागली, तेव्हा आजी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. सतरांपैकी पाच आधीच गेल्या होत्या, आणखी दोन माझ्यासमोर गेल्या, नऊ संध्याकाळपर्यंत पायांवर उभ्या राहिल्या आणि सतरावी खुडूक.

मुलाने हळूच विचारले, "ज्या टेकल्यात त्या कापून घेऊ का, डॉक्टर?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकावा लागतो. मांसही नाही आणि वाचलेल्या कोंबड्यांची पुढची अंडीही मी सांगेपर्यंत नाहीत, असे मी बजावले. नंतर त्याला शेतावर नेऊन पेरणी यंत्र वळते ती जागा दाखवली. तिथे बांधाकडेला दाणे उघडे सांडले होते, आणि कोंबड्या न पोचल्या तरी तिथे तितर, मोर आणि नदीकडचे क्रौंच पोचतात. त्यावर माती ओढून घेतली. ज्या घमेल्यात बियाणे चोळले होते त्यातच कोंबड्यांना पाणी ठेवले जात होते, तेही बाजूला काढले. बाजारातल्या प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशवीवर ते खाण्यास वापरू नये अशी सूचना बियाणे नियम, १९६८ नुसार छापावी लागते आणि दाण्याला बहुधा गुलाबी किंवा लाल रंगही असतो. घरच्या ओट्यावर चोळलेल्या गव्हाला ना रंग, ना कागद. वाळल्यावर तो कोठीतल्या गव्हासारखाच दिसतो.

हे बोलत असताना माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. मुलाच्या म्हणण्याप्रमाणे पाच-सहा किलो बियाणे उरले होते, आणि कोंबड्यांना टाकले होते चार-पाच ओंजळी.

"आजी, बाकीचा गहू कुठं आहे?"

त्यांनी बोट वर केले. धाब्यावर जुन्या लुगड्यावर तो वाळत पसरला होता, आणि शेजारी दळणाचा डबा झाकण उघडून तयार होता.

घरातले कोणीच काही बोलले नाही. मुलाने वर जाऊन लुगड्याची चारही टोके उचलून गाठ मारली. विहिरीपासून लांब, कमरेएवढा खड्डा घेतला. त्यात मेलेल्या कोंबड्या, तो गहू आणि ते लुगडे घातले आणि वरून चुना टाकला. खड्ड्यापाशी ओतताना काही दाणे काठावर सांडले होते. आजींनी एकदा कपाळाला हात लावला, माझ्याकडून हातमोजे मागून घेतले आणि मातीत बसून ते दाणे एकेक करून वेचत खड्ड्यात टाकू लागल्या. मागे डालग्याखालून खुडूक कोंबडीचा आवाज येत होता. मुलगा फावडे घेऊन थांबला होता. शेवटचा दाणा सापडेपर्यंत आजींनी त्याला माती लोटू दिली नाही.